हिरड्याचा वाटा

शके १९०७, फाल्गुन शुद्ध दशमी, गुरुवार, इंग्रजी दिनांक २० मार्च १९८६. स्थळ मौजे आंबेघोळ, तालुका पाटण, जिल्हा सातारा. वेळ दुपारी बाराला दहा मिनिटे कमी. वेळ इतक्या निश्चयाने सांगतो, कारण सातवीच्या एका मुलीला मी घड्याळ पाहूनच दटावले होते की तास संपायला अजून दहा मिनिटे आहेत, तोवर खिडकीबाहेर पाहू नये.

“गुरुजी, डोंगराला धूर हाय,” ती म्हणाली.

“धूर आहे हे तुला दिसले. त्यावरून काय सिद्ध होते?”

“जाळ हाय.”

तिचे उत्तर बिनचूक होते. न्यायशास्त्रातले ते जुने उदाहरण मीच त्यांना गेल्या आठवड्यात सांगितले होते: पर्वतावर धूर दिसतो, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. मी खिडकीशी गेलो. खालच्या उतारावरचे गवत कंबरभर वाढून कडकडीत वाळलेले होते आणि त्याच्या मागून पिवळसर धुराची एक भिंत वर सरकत होती. गवत जाळले की पुढल्या साली कोवळे फुटते, या समजुतीने कुणीतरी पलीकडच्या डोंगराला काडी लावली असावी. कुणी, ते पुढेही ठरले नाही.

दुसरे शिक्षक रजेवर होते. सातही इयत्तांची मिळून एकतीस मुले माझ्या एकट्याच्या हवाली होती. त्यांना रांगेत उभे करीत असतानाच हैबती शेलार दारात आला. गावचा पोलीस पाटील. डोक्यावर टोपी नाही असा मी त्याला प्रथमच पाहिला.

“गुरुजी, पोरं घ्या आन् राईत चला.”

“राईत? आग लागली असता झाडांत शिरायचे? आपण घाटरस्त्याने खाली उतरू. एक वाजता एसटी येते.”

“एसटी आज येनार न्हाय.”

“कशावरून?”

“घाटाच्या दुसऱ्या वळनाला जाळ लागलाय, त्यावरनं.”

“दुसरे वळण येथून दिसत नाही. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेत?”

“न्हाय बघितलं. पन तिकडची वानरं पोटाला पिल्ली लावून वर याय लागल्यात. जाऊन त्यास्नी ईचारा.”

मुले हसली. मी हसलो नाही. वानरांची साक्ष ग्राह्य धरावी की नाही, हे ठरवण्याआधीच धुराचा वास वर्गात आला. आम्ही निघालो.

माझी पत्नी कुमुद शाळेमागच्या खोलीच्या दारातच उभी होती. पदराच्या टोकात काहीतरी बांधून ती गाठ तिने मुठीत आवळून धरली होती.

“काय घेतलेस?”

“बाळकृष्ण.”

“आणि माझे ग्रंथ?”

“अहो, तुमचे ग्रंथ मला उचलवत नाहीत. हा उचलवतो. चला.”

राई गावाच्या उत्तरेला, डोंगराच्या एका खोबणीत होती. चार-पाच एकरांची दाट, अंधारी झाडी. मध्ये बारमाही पाण्याचे कुंड आणि कुंडाकाठी काळकाई नावाचा शेंदूर फासलेला दगड. तिथली काडी कुणी तोडत नसे, गळलेले पानही कुणी घरी नेत नसे. राईकडे जाणाऱ्या पायवाटेवर सगळे गाव लोटले होते. म्हशी, शेरडे, पाठीवर घेतलेली म्हातारी माणसे, डोक्यावर पीठ-मिठाची बोचकी. कुणी ओरडत नव्हते. पाय तेवढे भराभर पडत होते आणि मागून गवत फुटण्याचा तडतड आवाज जवळ जवळ येत होता.

आम्ही राईभोवतीची वाट ओलांडून आत शिरलो आणि त्याच पावलाला मी मागे वळून त्या वाटेकडे पाहिले. त्या वाटेविषयी आधी सांगितले पाहिजे.

राईला वेढा घालून दहा हात रुंदीची एक वाट होती. ती कुठेही जात नव्हती. राईला फेरी घालून स्वतःलाच येऊन मिळत होती. माघी पौर्णिमेपासून होळीपर्यंत दर मंगळवारी ही वाट झाडून मातीला लागेपर्यंत स्वच्छ करायची, कारण त्या दिवसांत काळकाई तिच्यावरून फिरते, अशी गावाची श्रद्धा. वाटेचे बेचाळीस वाटे पाडलेले होते. प्रत्येक घरामागे एक वाटा, तीस हातांचा, दोन्ही टोकांना दगड पुरलेला. वाटा ज्याचा त्याने झाडायचा. वाटा असणे म्हणजे त्या गावचे असणे.

आंबेघोळीत येऊन आम्हांला तीन वर्षे झाली होती. त्या माघात गावाने आम्हांला वाटा दिला. निर्वंश झालेल्या एका घराचा होता. त्याच्या कडेला हिरड्याचे मोठे झाड, म्हणून त्याला हिरड्याचा वाटा म्हणत. हैबती नारळ घेऊन घरी आला तेव्हा कुमुदच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी नारळ परत केला.

एवढ्यावर थांबलो नाही. मंगळवारी सकाळी मुले खराटे घेऊन जातात आणि शाळेत उशिरा येतात, ही माझी तक्रार जुनीच होती. मी सभा मागितली, चावडीत उभा राहिलो आणि सात मुद्दे मांडले. तेथे गुरवाच्या घरची ठकूआत्या बसलेली होती. वय सत्तरीच्या पुढे. दर मंगळवारी काठी टेकत सगळी वाट फिरून कुणाचा वाटा नीट झाला, कुणाचा नाही, हे सांगण्याचा मान तिचा.

“देवी म्हणजे तो दगड,” मी म्हणालो. “दगडाला पाय नाहीत. ज्याला पाय नाहीत त्याला वाट कशाला?”

ठकूआत्येने विचार केला. “मास्तर, तुमच्या शाळंला पाय हायती का?”

“नाहीत.”

“मग तिला का वाट केलीया?”

चावडी हसली. मी दृष्टांतातला दोष समजावून सांगू लागलो. शाळेची वाट शाळेसाठी नसून मुलांसाठी असते, इत्यादी. लोक उठून गेले. मी घरी येऊन चार पानी पत्र लिहिले, त्यात स्पष्ट म्हटले की तत्त्वाखातर हिरड्याचा वाटा आमच्या घराकडून झाडला जाणार नाही, आणि ते हैबतीच्या हाती दिले. त्याने ते घडी करून खिशात ठेवले. कुणी मला एका शब्दाने बोलले नाही. कुमुद दोन दिवस बोलली नाही, ती निराळी गोष्ट. पुढचे चारही मंगळवार मी राईकडे फिरकलो नाही.

तेव्हा त्या दुपारी राईत शिरताना माझ्या मनःचक्षूंपुढे आले ते एवढेच: एक्केचाळीस वाटे स्वच्छ, आणि कुठेतरी त्या कड्यात तीस हातांचे एक खिंडार, गुडघाभर वाळक्या पाल्याने भरलेले. खिंडाराच्या आत एकतीस मुले, सगळे गाव आणि माझी बायको. खिंडार माझे.

कुंडाकाठी मी मुले मोजली. एकतीस. पुन्हा मोजली.

“किती वेळा मोजाल?” कुमुद म्हणाली. “आहेत सगळी. बसा.”

“हिरड्याचा वाटा कोणत्या अंगाला?”

तिचा चेहरा बदलला. तिलाही ते त्याच क्षणी आठवले असावे. “खालच्या,” ती म्हणाली. “जाळाच्या अंगाला.”

“तू झाडला नाहीस ना?”

“तुम्ही नको म्हणालात. मी गेले नाही. चारही मंगळवारी घरात बसून रडले, पण गेले नाही.”

मी धावलो. चाळिशीच्या पुढचा, चष्मा लावणारा, धोतर नेसणारा मनुष्य दाट झाडीतून धावतो तेव्हा फार वेगाने धावत नाही. वेलींत अडकलो, एकदा पडलो, चष्म्याची एक काच तडकली. धुराने दिशा कळेना. आतून वाट गाठली आणि तिच्यावरून दगड मोजत उजवीकडे निघालो. प्रत्येक दगडापाशी मनात येई, पुढला तो. हाताने किती पाला ओढता येईल, याचा हिशोब मनात चालला होता आणि तो कोणत्याही रीतीने जुळत नव्हता.

हिरडा दिसला. त्याच्या बुंध्याशी पुरलेला दगड दिसला. मी थांबलो.

वाटा झाडलेला होता.

नुसता झाडलेला नव्हता. माती उघडी, लाल, तिच्यावर खराट्याचे वळसे एकाला एक लागून, विंचरलेल्या केसांसारखे. राईकडचा पाला राईकडे सारलेला, रानाकडचा रानाकडे, कारण राईचे पान बाहेर जाऊ नये अशी रीत. दोन दिवसांपूर्वीच्या मंगळवारचे काम. त्यावर हिरड्याची तीन-चार पाने पडली होती, तेवढीच. मी ती वेचली. का वेचली ते मला सांगता येणार नाही. हातात धरून उभा राहिलो.

“मास्तर, हुबं काय ऱ्हायलाय?” मागून आवाज आला. ठकूआत्या धुरातून पुढे आली आणि तिने माझ्या हातात हिरव्या पानांची ओली डहाळी कोंबली. कुंडाकाठी वादळाने पडलेल्या फांदीची असावी. त्याही दिवशी राईतले झाड कुणी तोडले नाही. “पानं नंतर वेचा. ठिनगी आली की हानायची.”

मग आग आली. तिचे वर्णन मी करणार नाही, कारण ती समोर असताना मी ती पाहत नव्हतो, मी जमीन पाहत होतो. तोंड भाजत होते. वाटेच्या कडेला दर दहा पावलांवर एक माणूस डहाळी घेऊन उभा होता. सगळे आपापल्या वाट्यावर. मी माझ्या वाट्यावर उभा होतो. गवताचा जाळ वाटेपर्यंत येई, पुढे मातीच लागे, आणि जागीच बसे. ठिणग्या उडत, आम्ही हाणत असू. एकदा धोतराच्या काठाने पेट घेतला, तो ठकूआत्येने काठीने ठोकून विझवला आणि माझ्या नडगीलाही एक लागली. मुद्दाम की चुकून, हा प्रश्न मी कधी विचारला नाही.

पाऊण तासाने वारा फिरला आणि जाळ राईला वळसा घालून वरच्या उघड्या कातळी सड्याकडे गेला.

गावात तीन गोठे, गवताच्या सगळ्या गंज्या आणि शाळेमागची आमची खोली गेली. ग्रंथ गेले. माणूस एकही गेले नाही, जनावर एकही नाही. ऊन उतरल्यावर लोक राईतून बाहेर पडू लागले, तेव्हा वाट ओलांडताना प्रत्येकजण वाकून तिच्या मातीला हात लावी आणि तो कपाळाला नेई. कुमुदनेही लावला. मी ताठ उभा राहिलो. नमस्कार कोणाला, हे निश्चित झाल्यावाचून हात जोडू नयेत, असे माझे मत होते, आणि कोणाला, हे अजून निश्चित व्हायचे होते.

ते निश्चित करण्याच्या मागे मी लागलो.

त्या रात्री मला झोप आली नाही, पुढच्या आठ रात्रीही नाही. शाळेतच पथारी टाकली होती. मी उठून येरझारा घालीत असे. कुणीतरी चार मंगळवार आपला वाटा झाडून झाल्यावर माझा झाडला होता. माझे चार पानी पत्र असताना. ज्याच्यामुळे माझी एकतीस मुले जिवंत होती त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसणे मला वणव्याहून असह्य झाले होते.

मी घरोघर गेलो. वही घेऊन.

“हिरड्याचा वाटा तुम्ही झाडलात?”

“न्हाय बा. आमचा आमाला हुता की.”

“कोणी झाडला, ठाऊक आहे?”

“ते कसं ठावं असंल? च्या घ्या.”

एक्केचाळीस घरे, एक्केचाळीस नकार, एक्केचाळीस वेळा चहा. हैबतीला मी तर्काच्या नियमाने पेचात धरले.

“पाटील, झाडणारा एक मनुष्य आहे. तो गावातलाच आहे. गावातल्या प्रत्येकाने नाही म्हटले. म्हणजे एकजण खोटे बोलतो आहे.”

“असंल,” हैबती म्हणाला.

“तुम्हांला त्याचे काही वाटत नाही?”

“वाटतं की. बरं वाटतं.”

शेवटी मी ठकूआत्येकडे गेलो. ती ओसरीवर नाचणी पाखडत होती. मी उभाच राहिलो.

“आत्या, तुम्ही दर मंगळवारी वाट फिरता. तुम्हांला ठाऊक असलेच पाहिजे.”

“मी झाडल्यालं बघती. झाडनाऱ्याला न्हाय.”

“मला त्याचे आभार मानायचे आहेत.”

“माना की.”

“कोणाचे?”

“देवीचं माना.”

“देवीने खराटा मारला नाही.”

“मग कुनी मारला?”

“तेच तर विचारतो आहे.”

ती सुपातले खडे वेचत राहिली. मी निघत नाही असे पाहून तिने सूप खाली ठेवले. “मास्तर, दुसऱ्याचा वाटा झाडला तर सांगायचं नसतं. सांगितलं की झाडल्यालं फुकट जातं. ही रीत हाय.”

“रीत असेल. कारण काय?”

“कारन असं की, सांगितलं तर तुमी त्याच्या पाया पडनार. जल्मभर त्याच्या म्होरं मान खाली घालून हिंडनार. त्यो बी मग छाती काढून चालनार. गावात दोन मानसं वाया गेली. त्यापरीस ठावं नसल्यालं बरं.”

“मग मी करायचे काय? हे आभार न्यायचे कुठे?”

“मला काय ठावं,” ती म्हणाली आणि सूप पुन्हा हाती घेतले. “शिकल्यालं तुमी.”

या युक्तिवादात दोष आहे, असे मला त्या वेळी वाटले. परतताना वाटेभर मी तो शोधत होतो. वर्षभर शोधत राहिलो. मधल्या काळात घडले ते असे की गावातल्या कोणत्याही माणसाशी बोलताना, हाच तो असेल, हा विचार माझी पाठ सोडीना. ज्याच्याशी पूर्वी मी हुज्जत घातली असती त्याला मी बसायला चटई टाकू लागलो. चावडीवर मूर्खपणाचे बोलणाऱ्याचेही मी शेवटपर्यंत ऐकून घेऊ लागलो. कुमुद म्हणाली, “तुमची प्रकृती बरी आहे ना?”

पुढचा माघ आला. मी हैबतीकडे गेलो.

“पाटील, नारळ मी परत केला होता.”

“व्हय.”

“तो आता कोठे मिळेल?”

“त्यो आमी तवाच खाल्ला,” हैबती म्हणाला. “वाटा हाय तिथंच हाय. खराटा हाय का?”

खराटा नव्हता. त्याने दिला. पहिल्या मंगळवारी मी आणि कुमुद हिरड्याचा वाटा झाडायला गेलो. तिचा अर्धा भाग घटकेत झाला. माझा होईना, मातीला चरे पडत होते आणि पाला मागे राहत होता. ठकूआत्या काठी टेकत आली, माझे काम पाहत उभी राहिली.

“खराटा आडवा धरायचा असतोय, मास्तर. असा खुपसायचा न्हाय. माती नांगरताय व्हय?”

तिसऱ्या मंगळवारची गोष्ट. आदल्या सायंकाळी कळले की खालच्या आळीतली येसूबाई, एकटी राहणारी विधवा, तापाने पडली आहे. तिचा वाटा आमच्यापासून सातवा. मी कुमुदला काही सांगितले नाही. पहाटे दिसू लागताच खराटा घेऊन गेलो आणि तीस हात झाडले. राईचा पाला राईकडे, रानाचा रानाकडे. हाताला फोड आले. झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. समोर कुणी नव्हते. झाडीत एक पाखरू ओरडत होते, कुंडाचे पाणी वाजत होते. खराटा झाडाला टेकवला, खाली वाकलो, मातीला हात लावला आणि कपाळाला नेला. मग खराटा घेऊन घाईने आमच्या वाट्यावर आलो आणि तोही झाडला.

उन्हे वर आल्यावर सगळे गाव नेहमीप्रमाणे ठकूआत्येच्या मागून वाटेवरून निघाले. येसूबाईच्या वाट्यापाशी ती थांबली. त्यामुळे सगळे थांबले.

“येशी तर अंथरुनात हाय. ह्यो वाटा कुनी झाडला?”

कुणी बोलले नाही. वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला, प्रश्न विचारला गेला असता आणि उत्तर येत असता गप्प बसणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. मी हैबतीच्या खांद्यावरून हिरड्याकडे पाहत राहिलो. कुमुदने माझ्या हातांकडे पाहिले आणि पदर ओठांवर धरला.

ठकूआत्या सावकाश वाकली. मातीत आडवेउभे चरे पडलेले होते, दगडाच्या कडेला मूठभर पाला राहिला होता. तिने तो काठीने उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग कंबर सरळ करून ती कुणाकडेही न पाहता म्हणाली:

“ज्यानं कुनी झाडलंय, त्याला खराटा धरता येत न्हाय. वाट मातर झालीया.”